रजेवर ठेवलेले हिरो

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे संचालक साहेब, व्यासपीठावर आवर्जून येऊन बसलेले पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलोय ते आपले मास्तर, पहिल्या रांगेतल्या वहिनी, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही भिंतीला टेकून उभे असलेले माझे सगळे सहकारी! मला सांगण्यात आलं, ‘ताई, चार शब्द बोला आणि गोड बोला.’ नऊ वर्षं तक्रार विभाग सांभाळलेल्या बाईकडून गोडाची अपेक्षा जरा बेतानंच ठेवा.

पाहुण्यांसाठी सांगते. आपला मोबाइलवरचा खेळ फुकट आहे. त्यात सुपरहिरोंचं ऑफिस चालवायचं असतं. उडायचं हिरोंनी, खेळणाऱ्यानं त्यांच्या पाळ्या लावायच्या, मोहिमेवर पाठवायचं, दमलेल्यांना विश्रांतिगृहात झोपवायचं. कोण किती दमतो, किती वेळात बरा होतो, हे सगळं ठरवायचे मास्तर. पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून मास्तर. गायब होणाऱ्या हिरोची हजेरी कशी लावायची, यावर आमची एक अख्खी दुपार खर्ची पडली आहे. हसू नका, शेवटी त्याला गळ्यात घंटा बांधायचं ठरलं होतं!

साहेबांना आठवत असेल. भिंत फोडून आलेल्या हिरोला आठ तास झोपवा, म्हणजे लोक वाट बघून कंटाळतील आणि पैसे भरून त्याला उठवतील, असा तुमचा विचार होता. मास्तर म्हणाले, ‘साहेब, भिंत फोडून आलेल्याला चार तास पुरतात. पुढचे चार तास आपण त्याला ओलीस ठेवणार का?’ चारच तास राहिले. हिरोला विश्रांतिगृहात ठेवताना खेळणारा जो रजेचा अर्ज भरतो, त्यावर कारण लिहायचा रकानाही मास्तरांचाच. आम्ही म्हटलं, ‘खेळात कोण कारणं लिहीत बसणार?’ मास्तर म्हणाले, ‘लिहितील. माणसाला रजा मागताना कारण सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.’

तर अशा माणसाला आपण आज शाल देतोय. निमंत्रणात छापलंय, ‘स्वेच्छेनं निवृत्त होत आहेत.’ वहिनी, तुम्ही मघापासून मान खाली घालून बसल्या आहात. मलाही ते वाचवलं नाही.

काय झालं ते इथल्या सगळ्यांना अर्धंच माहीत आहे. खेळ फार जड झाला होता, जुन्या फोनवर उघडेना. ठरलं, की वर्षभर एकदाही मोहिमेवर न गेलेले हिरो काढून टाकायचे. अट मास्तरांनी लिहिली, हे खरं. पण त्यांनी मला मेल केला होता. ‘ताई, अशा पन्नास खेळाडूंना आधी विचाराल का, की तुम्ही या हिरोंना का पाठवत नाही? कारण कळल्याशिवाय मला पुढे जायचं नाही.’

त्या दिवशी माझ्याकडे अकराशे तक्रारी होत्या. सोनेरी झगा मिळाला नाही, झगा मिळाला पण चमकत नाही. मी वैतागले होते. मनात म्हटलं, वर्षभर धूळ खात पडलेल्या हिरोची कुणाला पडलीय? आणि उत्तर लिहिलं, ‘विचारलं. कुणाची हरकत नाही.’

मी एकालाही विचारलं नव्हतं.

आता पुढचं नीट ऐका. मोहिमेवर गेलेला हिरो जखमी होतो, कधी परतच येत नाही. मग ज्याच्यावर आपला जीव जडलाय, त्याला आपण पाठवू का? माणसं त्याला विश्रांतिगृहातच ठेवतात आणि दुसऱ्यांना कामाला जुंपतात. नऊ वर्षं हा खेळ आपण बनवतोय, आणि एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये? आपण नेमके लोकांचे लाडके हिरो वेचून वेचून पुसले. चार हजार.

मग पत्रं आली. त्यातलं एक एका बसचालकाचं होतं. त्यांची मुलगी हा खेळ खेळायची. तिनं एका हिरोला ‘बाबा’ असं नाव दिलं होतं. त्याला कधीच मोहिमेवर पाठवलं नाही. रजेच्या कारणात तिनं लिहिलं होतं, ‘बाबा रोज दमून येतात, त्यांना कुणी उठवू नका.’ मुलगी दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. गृहस्थ रोज कामावर निघण्याआधी खेळ उघडायचे, ती ओळ वाचायचे आणि बंद करायचे. एक दिवस उघडलं, तर खाट रिकामी. माझ्या विभागानं त्यांना छापील उत्तर पाठवलं, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, भेट म्हणून एक नवा हिरो स्वीकारावा.’

चौकशी झाली. मास्तर म्हणाले, ‘अट माझी होती.’ एवढंच. माझा मेल त्यांनी दाखवलाच नाही. मी जिन्यात गाठून विचारलं, ‘का हो असं करताय?’ तर म्हणाले, ‘पन्नास माणसांना विचारायचं काम मी दुसऱ्यावर टाकायला नको होतं. आणि ताई, ती पत्रं आता कोण वाचणार? तुम्हीच ना? मग तुम्ही राहा.’ आणि मी राहिले! दोन महिने मूग गिळून बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि चोर आज माइकसमोर उभा आहे. मला माझी लाज वाटते.

साहेब, तो मेल मी छापून आणलाय, माझ्या उत्तरासकट. हा तुमच्यासमोर ठेवते. त्यावर जे करायचं ते करा. पण एक मागणं आहे, पुसलेले हिरो परत आणा. त्यांची जुनी प्रत अजून आपल्याकडे आहे, ती सोमवारी कायमची जाणार आहे. परत आणायचं तर खेळ दोन दिवस बंद ठेवावा लागेल, आणि तुम्ही नाही म्हणालात. काल मी त्या बसचालकांना स्वतः फोन केला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘बाई, मी रोज उघडून बघत राहू, की आता नको?’ त्याचं उत्तर तुमच्या हातात आहे, आणि पाहुणे साक्षीला आहेत म्हणून इथेच विचारते.

वहिनी, घरी तुम्ही यांना कितीदा तरी विचारलं असेल, ‘चूक कुणाची होती?’ यांनी सांगितलं नसणार. माझी होती.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि एवढा वेळ ऐकून घेतलंत म्हणून तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलताना वेळ जास्त घेतला असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या. त्या एका ओळीच्या मेलबद्दल मात्र मला सांभाळून घेऊ नका. ते मास्तरांनी एकदा केलंय, आणि त्यापायी आज ते चाललेत.