शोकसभा कोणाची होते?

अध्यक्ष महोदय, प्राचार्य सर, समोर बसलेल्या मेश्राम काकू, आणि मागच्या बाकांवरच्या माझ्या मुलामुलींनो,

मला नीट बोलता येईल की नाही, माहीत नाही. सकाळपासून मनात वाक्यं जुळवते आहे, आणि काकूंकडे पाहिलं की ती मोडतात. सांभाळून घ्या.

मी मेश्राम सरांची विद्यार्थिनी. याच कॉलेजात शिकले, आणि आता याच इंग्रजी विभागात सरांसारखीच तासिकेवर शिकवते. तासिकेवर म्हणजे घेतले तेवढेच तास आपले. उन्हाळ्यात काही नाही, आणि दर वर्षी पुन्हा मुलाखत. सर केस पिकेपर्यंत मुलाखती देत राहिले. सकाळी मारेगावच्या कॉलेजात, दुपारी इथे वणीत. मधला रस्ता मोटारसायकलवर, कोळशाच्या ट्रकांमधून. गेल्या मंगळवारी त्याच रस्त्यावर एका ट्रकने त्यांना उडवलं.

सर वर्षाच्या पहिल्या तासाला पुस्तक उघडत नसत. विचारायचे, "पोट्टेहो, तुमच्या गावात कोणी मेलं त शोकसभा कोणाची होते?" आम्ही म्हणायचो, सरपंचाची. गुरुजींची. सोसायटीच्या अध्यक्षाची. "अन् बाकीच्यायची?" मागून कोणीतरी बोलायचं, "बाकीच्यायची तेरवी होते, सर." वर्ग हसायचा. सरही हसायचे. मग म्हणायचे, "इंग्रजी साहित्य बी तिथूनच सुरू झालं."

आणि मग सांगत सुटायचे. हजारेक वर्षांपूर्वी शेकोटीभोवती बसून गाणारी माणसं. राजा पडला, वीर पडला, तर गाणं. त्याच्या घोड्याला पाणी पाजणारा पडला, तर गाणं नाही. पुढे कवितेत नाना धंद्यांचे लोक आले, पण बरेचसे हसण्यापुरते. छापखाना आला, रंगमंच गाजू लागला. तिथे राजा मरताना पानभर बोलायचा आणि नोकर एका ओळीत मरायचा. मग कादंबरी आली. मोलकरीण, दुकानदार, अनाथ पोर यांना पानंच्या पानं मिळाली. गिरणीच्या धुरात खोकणारी लेकरं आली. बाया लिहू लागल्या, काही तर पुरुषाचं नाव घेऊन. महायुद्धात खंदकातल्या पोरांनी चिखल लिहिला, विषारी वायू लिहिला. शौर्यबिर्याचे मोठे शब्द त्यांनी टाकून दिले. आणि ज्यांच्यावर इंग्रजांनी राज्य केलं, ते लोक इंग्रजांच्याच भाषेत आपल्या माणसांसाठी रडू लागले.

साहित्य म्हणजे काय? सर म्हणायचे, "परीक्षेत लिवाले व्याख्या हायेत, त्या पाठ करा. पण मले विचारसान, त कोणाकोणासाठी रडा लागते हे माणसाले शिकवते, ते साहित्य."

एकदा मी विचारलं होतं, सर, तुम्ही इंग्रजीच काहून घेतलं? तेव्हा त्यांनी आईचं सांगितलं. आई सोयाबीनच्या कापणीच्या दिवसांत वारली. बरोबरच्या बाया वावरातून आल्या, रडल्या, आणि दुपारी परत कापणीला गेल्या. थांबणं कुणालाच परवडत नव्हतं. पुढे बी.ए.ला सरांनी एका म्हाताऱ्या मजुरावरची इंग्रजी कविता वाचली. म्हणाले, "माह्या मायसाठी नसन, पण तिच्यासारख्या एकासाठी तिकडं कोणीतरी थांबलं होतं."

आता माझ्या मागचं हे फ्लेक्स पाहा. 'प्राध्यापक मेश्राम सर यांना भावपूर्ण आदरांजली.' प्राध्यापक! सर, हा शब्द तुमच्या नावाआधी या कॉलेजने पहिल्यांदा छापला. जिवंत होतात तोवर तुम्ही 'ते तासिकावाले' होतात. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय?

परवा काकू ऑफिसात आल्या होत्या. मी तिथेच होते. त्यांचं मागणं एवढंच होतं, की सर वर्गावर येत होते हे कॉलेजने सांगावं. अपघाताची भरपाई, त्यांच्या घराचं पुढचं सगळं त्यावर अडलं आहे. उत्तर मिळालं, ते आमचे कायम कर्मचारी नव्हते. मारेगावहून निघून ते कुठे चालले होते, आम्ही कसं सांगणार? काकू रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमचा माणूस नव्हता, त मंग शोकसभा कायले ठेवली?"

त्यावर कुणी बोललं नाही. मीही बोलले नाही.

आज मला सुचवण्यात आलं, की वाद नको, चार शब्द चांगले बोला. सोमवारपासून सरांचे तास मला दिले आहेत. पुढच्या वर्षी मुलाखत मलाही द्यायची आहे. मला भीती वाटते. खोटं कशाला सांगू, आत्ता इथे उभं राहूनही वाटते आहे.

पण मंगळवारी दुपारी मी सरांच्या वर्गाशेजारी होते. खंदकातल्या कवितांचा तास होता. मुलं पुस्तकं उघडून बसली होती. सर न सांगता कधी तास चुकवत नसत, म्हणून कुणी उठलं नाही. घंटा झाली तरी उठलं नाही. मग फोन आला.

सर कुठे चालले होते? त्या मुलांना विचारा ना. सर कुठे चालले होते? वर्गावर येत होते. आपल्याच कॉलेजात, शिकवायला येत होते. हे मी माईकवर बोलते आहे, आणि उद्या कुणी विचारलं तर पुन्हा बोलेन.

रीतीप्रमाणे आता आपण सगळे उभे राहून सरांना श्रद्धांजली वाहणार. आज माझी एक विनंती आहे. सर वर्गावर येत होते, हे ज्यांना ठाऊक आहे आणि जे तसं सांगायला तयार आहेत, त्यांनीच उभं राहावं. बाकीच्यांनी बसून राहावं. मंचावरच्यांनासुद्धा माझं तेच सांगणं आहे. कुणावर बळजबरी नाही.

सावकाश उठा. बाकांचा आवाज झाला तरी चालेल.

काकू, एकदा मागे वळून पाहा.