वॉलीकडचा चहा

ऑस्ट्रेलियातल्या टाऊन्सविलच्या डोळ्यांच्या दवाखान्यात बसलेल्या लोर्नानं शेजारच्या बाकावरच्या दोघांना ओळखलं. डोरीन आणि क्लेम, दोघंही कामगारांच्या लेबर पक्षाचे माजी आमदार.

"क्लेम, आपण रेल्वे कारखान्याच्या फाटकावर उभे राहिलो की कामगार गराडा घालायचे."

"आताच्या उमेदवाराला फाटक कुठंय तेही ठाऊक नाही."

"यंदा प्रचाराला गेलास?"

"वॉलीकडे गेलो. जन्मभर माझ्याबरोबर पत्रकं वाटली त्यानं."

"मग?"

"म्हणाला, ये, चहा घे. पण आधी तो पक्षाचा बिल्ला काढ."

"काढलास?"

"काढला."

लोर्नानं मान खाली घातली.

"निघताना पुन्हा लावायला गेलो, डोरीन, तर हातच उचलेना. त्याच्या टेबलावरच ठेवून आलो."