आपणहून

ताइनानच्या इस्पितळात मदतनिसांची नोंदणी चालली होती. रांगेत माझ्यापुढे निवृत्त पोस्टमन छ्यू आणि त्यांची बायको स्यूलान होती.

"अगं, फलकावरचं हे 'वॉलंटियर' म्हणजे काय?"

"कुणी न सांगता आपणहून पुढे होतो, तो."

"पण माझं नाव तर तूच दिलंस."

"निवृत्त झाल्यापासून नुसते भिंतीकडे बघत बसता. बघवत नाही मला."

"मग मी वॉलंटियर कसा?"

"यायचं नसेल तर चला घरी."

छ्यू रांगेतून हलले नाहीत. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आजोबा, नक्की येणार ना?"

"येणार. आता मी माझ्या तोंडाने सांगतोय."

"आणि आजींचं नाव लिहू?"

"तिलाच विचार. मी कुणाला वॉलंटियर करत नाही."

"लिही गं," स्यूलान हसत म्हणाली. "एवढ्या मोठ्या इस्पितळात हे चुकले तर वाट कोण दाखवणार?"