छताला टेकलेला भाव

नाव: गल्लीत सगळे "भाववाल्या काकू" म्हणतात, तेच लिहावे. वय: साठीला टेकलेलं. धंदा: चलन बदलून देण्याच्या दुकानात यजमानांबरोबर गल्ल्यावर बसणे. राहणार: त्याच दुकानामागच्या दोन खोल्यांत.

ठाण्यात बोलावल्यावरून स्वतः हजर होऊन, विचारल्याप्रमाणे सांगते ती हकीकत अशी:

सदर दुकान माझ्या सासऱ्यांनी काढलं. पहिल्याच दिवशी त्यांनी दुकानाच्या लांबलचक भिंतीवर लाल रंगाने एक रेघ सुरू केली. हद्दीपलीकडच्या देशाचं एक नाणं घ्यायला आपली जितकी नाणी मोजावी लागतात, तितकी बोटं रेघ जमिनीपासून वर. दर महिन्याला ती नखभर पुढे सरकते. तेव्हा भाव दोनाचा होता, त्यामुळे रेघ पार फरशीलगत असायची आणि झाडताना पुसली जायची. माप धरताना सासऱ्यांनी छताचा विचार केला नाही. आपलं चलन एवढं घसरेल असं त्या काळी कोणी म्हटलं असतं, तर त्यांनी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. ते गेल्यावर ब्रश माझ्या यजमानांच्या हातात आला.

माझं लग्न झालं तेव्हा रेघ गुडघ्याला होती. मग सरकारने एका रात्रीत आपल्या चलनाची किंमत उतरवली, तिथे ती सरळ उभी चढून माझ्या कमरेला आली. लेक जन्मली तेव्हा खांद्याला. लेकीचं लग्न ठरलं त्या वर्षी मात्र पलीकडच्या देशातली मोठी बँक बुडाली आणि रेघ चक्क खाली आली. अख्ख्या भिंतीवर तेवढाच एक उतार आहे. यजमानांनी त्या उतारावर लग्नासाठी पलीकडून आणायचं सगळं सामान घेतलं आणि कॉलर ताठ करून गल्लीभर फिरले. तोच उतार आमच्या मुळावर आला.

लेक लग्न होऊन पलीकडे गेली. तिच्याकडे जायचं तर तिकडचं चलन हवं. दुसरा कोणी असता तर असेल त्या भावाने घेऊन गाडीत बसला असता. आमचे हे पडले चलनवाले. चढ्या भावाने स्वतःसाठी घ्यायचं म्हणजे त्यांच्या लेखी धंद्याची अब्रू गेली. "थांब गं, तेव्हासारखा पुन्हा उतरेल," असं म्हणत त्यांनी लेकीचं घर आजतागायत पाहिलेलं नाही. मीही पाहिलेलं नाही. रेघ बोटभर चढली की माझी लेक बोटभर लांब जाते, हे मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि गिऱ्हाईक आलं म्हणून उठले.

लेकीचे दिवस भरत आले आहेत. पहिलटकरीण आहे. परवा तिने फोनवर विचारलं, "आई, येशील ना गं?" मी तोंड उघडायच्या आत यजमानांनी फोन घेतला आणि "भाव जरा खाली आला की निघालोच बघ," असं सांगितलं. त्यावर तिने फोन ठेवला. मला त्यांचा फार राग आला, हे लिहून घ्यावे.

आज सकाळी रेघ छताला टेकली. मला मनापासून आनंद झाला. मी म्हटलं, "आता वर जायला जागाच नाही. घ्या चलन आणि चला."

हे म्हणाले, "जागा करता येते."

"त्यापेक्षा माप लहान करून नवी रेघ काढा ना!"

"आणि बाबांची रेघ मुंगीएवढी करू? जमणार नाही."

असं म्हणून त्यांनी शेजारच्या सुताराकडून भोक पाडायचं यंत्र मागून आणलं आणि स्टुलावर चढले. वर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे, हे त्यांना माहीत होतं. त्या वेळी डॉक्टरांच्या खुर्चीत शाळेचे मुख्याध्यापक आ वासून बसले होते. यंत्राचा आवाज सुरू झाला आणि डॉक्टरांचे दोन्ही हात तर रिकामे! मुख्याध्यापक गळ्यातल्या रुमालासकट जिना उतरून पळाले. ते पळताना मी स्वतः पाहिले. बाकीचं डॉक्टरांनी मला जिन्यात ओरडून सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "काकू, आज भोक पडलं, उद्या तुमची रेघ माझ्या दवाखान्यात येईल!" त्यावर यजमान स्टुलावरूनच म्हणाले, "उद्या कशी येईल? पुढच्या महिन्यात." हे ऐकून डॉक्टरांनी ठाण्याला फोन लावला. ते चिडले यात त्यांची काही चूक नाही.

हवालदार यजमानांना घेऊन गेले आणि दुकानात मी एकटी उरले. पाटीवर आजचा भाव लिहिला. दुकान निघाल्यापासूनचा सगळ्यात चढा. मग गल्ल्याबाहेर जाऊन गिऱ्हाईकाच्या जागी उभी राहिले, चलन मागितलं, आत येऊन दिलं आणि स्वतःच्या नावाने पावती फाडली. इतकी मोकळी मी कितीतरी वर्षांत झाले नव्हते. तशीच जाऊन उद्याच्या गाडीची दोन तिकिटं काढली.

इथे बाहेरच्या बाकावर यजमान बसलेले होते. मी तिकिटं पुढे केली. त्यांनी विचारलं, "काय भावाने घेतलंस?" मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. तिकिटं हातात घेऊन उलटसुलट पाहिली, वरच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "तिच्याकडे थंडी असेल का गं?" त्या देशाचा वर्षावर्षाचा भाव त्यांना तोंडपाठ आहे. तिथल्या हवेबद्दल त्यांनी आज पहिल्यांदा विचारलं.

डॉक्टरांच्या फरशीचं भोक आम्ही आमच्या खर्चाने बुजवून देऊ. यजमानांना ठेवून घ्यायचं असेल तर आत्ताच सांगावे, म्हणजे त्यांचं तिकीट परत करता येईल. माझं परत करणार नाही.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे, त्यात कमीजास्त काही नाही. सही करते आणि निघते. बॅग भरायची आहे.