निकालानंतरचे खिळे

आमचा पक्ष केवढा, असे कोणी विचारले की मी ताठ मानेने सांगतो, एका ऑटोत मावतो. वाडीच्या रस्त्यावरच्या कडुनिंबांना लोक पाट्या ठोकायचे आणि आम्ही त्यांचे खिळे काढायचो. त्यातूनच पक्ष निघाला. झाडाला खिळा मारायचा नाही, नदीत घाण सोडायची नाही, एवढाच आमचा जाहीरनामा. पहिल्याच निवडणुकीत आमच्या कुसुमताई उभ्या राहिल्या आणि सपाटून हरल्या.

निकालाच्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर आमचा कार्यकर्ता नामदेव म्हणाला, "लोकायले झाडं नाही पायजे, ताई. पक्ष बंद करून टाकू."

ताई म्हणाल्या, "निवडणूक झाली गा. पण खिळे निघाले का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई पकड घेऊन शिडीवर चढल्या. नामदेव तोंड पाडून शिडी धरायला आला, शेवटचे म्हणून. पाटी नेमकी निवडून आलेल्या साहेबांची होती आणि तेवढ्यात त्यांचीच मिरवणूक आली. गुलालाने माखलेले साहेब शिडीजवळ थांबलेल्या उघड्या जीपमधून ओरडले, "काहून वं ताई, हरल्याचा राग माह्या फोटोवर काढून राहिली का?"

ताईंनी शेवटचा खिळा उपटला आणि पाटी अलगद त्यांच्या हातात दिली. "फोटोले ओरखडा नाही पडू देला, भाऊ. घरी न्या, भिंतीले लावा. तिले दुखत नाही."

ढोल वाजवणारेच आधी हसले. साहेब स्वतःची पाटी मांडीवर घेऊन पुढे गेले.

नामदेवने वर पाहिले. "उतरा ताई," तो म्हणाला, "पुढचं झाड माहं."