बारा दिवसांचं नांदणं

माझं माहेर हातकणंगल्याजवळचं, सतराव्या वर्षी मला कोल्हापुरात दिली. नवऱ्याचं सायकलीचं दुकान हुतं, आन एक बाईबी हुती लग्नाआधीपास्नं, त्ये आमास्नी कुनी सांगितलं न्हाय. काय सांगू ताई तुमाला, मारायचा न्हाय, बोलायचाच न्हाय. सासू तेवढी मायेची, तिच्या जिवावर चार वर्सं काढली. मग एक दिस म्हनाला, जा की माहेरी, कोन धरून ठेवलंय तुला? गेले.

सोडचिठ्ठी दे म्हनलं तर तीबी न्हाय. नांदवायचं न्हाय आन सोडायचंबी न्हाय, असला मानूस! मामानं वारणानगरचा एक बिजवर बघितला हुता, भला हुता, कागद झाला की लगीन लावू म्हनला. म्हनून कोर्टात गेले. वकील म्हनाले, नवऱ्यानं टाकलं म्हनून लगीच घटस्फोट मिळत न्हाय बाई, आदी वेगळं ऱ्हायाचा हुकूम, मग दोन वर्सं त्याच्या घरी नांदायचं न्हाय, मग अर्ज.

हुकूम झाला, दीड वरीस गेलं, आन सासू अंथरुणाला खिळली, माझंच नाव घ्यायला लागली. न जाऊन करते काय? माझ्या हातानं पानी पिऊन गेली ती. आमच्यात बाराव्याच्या आत सून उठत न्हाय, ऱ्हायले, पावण्यांचा सैपाक केला, ह्याच्याशी एक सबूद बोलले न्हाय. दोन वर्सं भरल्यावर अर्ज केला, तर कोर्टात ह्याच्या वकिलानं एक शेजारी साक्षीला उभा केला, ही नांदायला आलती म्हनला. जज्जसायबांनी इचारलं, ऱ्हायलात का त्या घरात? म्या व्हय म्हनलं, खोटं कशाला बोलू? नांदणं झालं म्हनून अर्ज फेटाळला. त्यो बिजवर तरी किती थांबनार, त्यानं दुसरी केली.

शहात्तर साली कायदा बदलला. वकील म्हनाले, आता टाकल्याचा थेट घटस्फोट मिळतोय, करू या. म्या न्हाय म्हनलं, ते बारा दिस पुन्यांदा चारचौघांत कशाला उकरू? पुढं दोन-तीन वर्सांनी ह्योच आला दारात, दोघांच्या राजीखुशीनं मिळतोय म्हनं, सही कर. त्याच्या बाईला लग्नाची बायको व्हायचं हुतं की! सही केली, सा म्हैन्यांनी कोर्टात दोघंबी व्हय म्हनलो, झालं. माझ्या खऱ्यानं जे झालं न्हाय ते त्याच्या गरजेनं झालं.

तवा माझी पस्तिशी उलटली हुती. आता डेअरीत काम करते, पोटापुरतं हाय. आजच्या पोरींस्नी लवकर सुटका मिळू दे, देव त्यांचं भलं करू दे. सासूला पानी पाजल्याचा पस्तावा न्हाय मला. पर ताई, मला एक लेकरू हवं हुतं.