शिर्क्यांच्या विहिरीत ओतलेलं तेल

मंडळी, बसा. मागचे जरा पुढं सरका. खांबाला टेकलेल्यांनी खांब सोडा, आज झोप लागायची नाही, आधीच सांगून ठेवतो! प्रश्न अगदी साधा आहे. आपण घाण टाकली, वर झाकण ठेवलं, हात धुतले. मग ती घाण गेली का? तुम्ही म्हणाल, बुवा, दिसत नाही म्हणजे गेलीच की. बरं. असं म्हणणारा एक माणूस होता, त्याचंच सांगतो.

कोळवडी गावात पद्माकर शिर्के म्हणून गृहस्थ. सोसायटीत सेक्रेटरी होते, आता निवृत्त. कपाळाला गंध, शर्टाला कडक इस्त्री, एकादशी कधी चुकायची नाही. कीर्तनाला पहिल्या रांगेत! आणि त्यांचा जीव दोनच गोष्टींवर. एक त्यांची एकुलती लेक हेमलता, आणि दुसरी दारातली पांढरी मोटार. जास्त कुणावर, हे विचारायचं त्यांच्या बायकोनं, इंदुमतीबाईंनी, कधीच सोडून दिलं होतं.

दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची, झेंडूचा हार पडायचा. पण पूजेआधी देवाला आंघोळ नको का? तसं पद्माकरराव आदल्या दिवशी गाडीचं तेल बदलायचे. स्वतः! गॅरेजवाल्यानं बोट लावलेलं चालायचं नाही. इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं, म्हणजे तेल गरम होऊन पातळ होतं. मग बंद करायचं, पुढची चाकं उतरत्या फळ्यांवर चढवायची, मागच्या चाकांना विटा लावायच्या, आणि पाठीवर सरकत गाडीखाली. तळाचा नट सोडला की काळी धार घमेल्यात. जुना फिल्टर फिरवून काढायचा, नव्याच्या रबरी कड्याला बोटानं ताजं तेल फिरवायचं, हातानंच आवळून बसवायचा. हवेचा फिल्टरही नवा. मग वरून मधाच्या रंगाचं नवं तेल, आणि तेल मोजायची पट्टी बाहेर ओढून, पुसून, परत घालून बघायची. काय देखणं काम! आपली गाडी आपल्या हातानं सांभाळावी, यात वाईट काहीच नाही.

पण मंडळी, घमेल्यातल्या त्या काळ्या तेलाचं काय?

तालुक्याला जुनं तेल घेणारा माणूस होता. कॅनमध्ये भरून त्याला नेऊन द्यायचं, एवढंच. पण न्यायचं कशातनं? गाडीतनं! आणि सांडलं तर? सीटला डाग? छे छे! पद्माकररावांच्या अंगावर काटा यायचा. त्यापेक्षा परसात त्यांची जुनी विहीर होती. गावात नळ आले तेव्हापासून बंद. वर शहाबादी फरशा टाकलेल्या, एका कोपऱ्याची फरशी तेवढी सुटी. ती सरकवायची, घमेलं उलटं करायचं, जुना फिल्टरही आत टाकायचा, फरशी जागेवर. साबणानं हात धुवायचे, आणि संध्याकाळी हरिपाठाला हजर.

शेजारी भागूआत्या राहायच्या, पाठीत वाकलेल्या, जुन्या काळच्या. त्या अजून दर मंगळवारी त्या फरशीवर हळदकुंकू वाहायच्या. विहिरीत साती आसरा असतात ना, पाण्यातल्या बाया, त्यांच्यासाठी. पद्माकरराव हसून म्हणायचे, आत्या, विहीर मेली आता, नळ आलाय. त्यावर आत्या एकच बोलायच्या. म्हणायच्या, "पद्माकरा, विहिरी वरनं वेगळ्या दिसतात रे. खाली सगळं पाणी एकच आहे."

आता नीट ऐका. पहिल्या वर्षी तेल ओतलं तेव्हा आवाजच आला नाही. पाणी खोल असेल, धार बारीक असेल, म्हणून त्यांनी सोडून दिलं. पुढच्या वर्षी मात्र आवाज आला. पण पाण्यावर काही पडल्याचा नव्हे. घुट्... घुट्... कुणीतरी पितंय! तहानलेलं माणूस कसं पितं, तसं, मधे दम घेत. भर दुपार होती, वर ऊन रखरखत होतं. पद्माकररावांनी घमेलं टाकलं, फरशी ओढली आणि घरात येऊन पंख्याखाली बसले. बायकोला काही बोलले नाहीत. बोलणार काय? विहिरीत काय टाकलं, ते आधी सांगावं लागलं असतं.

मग तरी थांबावं की नाही? नाही थांबले! माणूस घाबरतो, पण सवय सोडत नाही. उलट दरवर्षी पटकन ओतायचे आणि तोंड फिरवायचे, एवढाच फरक पडला. तुम्ही हसताय. हसा.

मग आला तो दसरा. हेमलता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जेवून आतल्या खोलीत निजली होती. तिला दवाखान्यात न्यायचं तर गाडी ठणठणीत हवी, म्हणून बापानं दुप्पट मन लावून तेल बदललं. आणि घमेलं घेऊन परसात गेले. फरशी सरकवली, ओतलं. घुट्, घुट्. सगळं संपलं. फरशीला हात घातला, आणि खालून आवाज आला. ओळखीचा. हेमलताचा.

"बाबा, पुरे ना."

पद्माकरराव तसेच धावत घरात. खोलीचं दार ढकललं. पोरगी अंथरुणात उठून बसलेली, तोंडावर हात. म्हणाली, स्वप्न पडलं का काय कळेना, पण तोंड कडू जहर झालंय, कसला तरी वास येतोय, जरा पाणी द्या. बापानं नळाचा तांब्या भरून दिला. तिनं एक घोट घेतला आणि बापाकडं बघितलं. "बाबा," ती म्हणाली, "ह्यालाही तोच वास येतोय."

वास पाण्याचा की बापाच्या हाताचा, हे मला विचारू नका. त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. हात पाठीमागं लपवले, बस्स.

पुढं हेमलताची सुटका झाली. मुलगी झाली, नीट, गुटगुटीत. बापाला वाटलं, सुटलो. पण शिर्क्यांच्या घरची एक रीत होती. बाळंतीण उठली की तिनं घरच्या विहिरीची पूजा करायची, ओटी भरायची, आपल्या हातानं कळशी ओढायची आणि त्या पाण्याचं पहिलं बोट बाळाच्या ओठाला लावायचं. तोवर बाळाला घरचं पाणी नाही.

पद्माकरराव घाईनं पुढं झाले. म्हणाले, विहीर कशाला, नळाला हळदकुंकू लावू. भागूआत्या म्हणाल्या, "नळाची ओटी कुठं भरतोस रे? खण तोटीला बांधतोस का?" सगळ्या बायका हसल्या. कारण सांगता येईना, म्हणून त्यांनी वाद सोडला. पूजेच्या सकाळी फुलं आणायला बाजारात गेले आणि मुद्दाम रेंगाळले. परत येऊन बघतात तर जावयानं सगळ्या फरशा बाजूला ठेवलेल्या! इतक्या वर्षांनी विहीर उघडी. सुवासिनी काठाशी, हेमलता पाटावर, मांडीवर लेक. कळशी वरसुद्धा आलेली होती.

तांब्याची कळशी, अरुंद तोंडाची. आत अंधार. वास येत होता, पण बंद विहिरीला वास असायचाच, असं कुणीतरी म्हणालं. पद्माकररावांना तो वास पाठ होता. त्यांचं त्यांनाच कळलं, की आता तोंड उघडलं तर गावात अब्रू गेली. पहिल्या रांगेतला माणूस! मनात म्हणाले, तेल सगळं खाली बसलं असेल. खाली! अहो, तेल कधी पाण्याखाली बसलंय? गाडीतलं सगळं कळत होतं त्या माणसाला, आणि एवढं कळत नव्हतं? कळत होतं. म्हणूनच तर फुलं घेऊन लांबच उभे होते.

हेमलतानं कळशीत बोट घातलं. आणि मंडळी, त्याच वेळी विहिरीतून घुट् झालं. एकदाच. बाकी कुणाला ऐकू गेलं नाही, फक्त बापाला, आणि बाळाला. कारण त्या एवढ्याशा जिवानं मान वळवली, विहिरीकडं बघितलं, आणि तोंड उघडलं. पाणी मागतात तसं.

बोट वर आलं. काळं. चमकणारं. हेमलताचं लक्ष लेकीच्या तोंडाकडं, बोटाकडं नाही. बोट ओठापर्यंत गेलं.

"हेमा, थांब! ते मी टाकलंय!"

फुलं फेकून पद्माकरराव धावले. हेमलताचं मनगट धरलं, आणि ते बोट स्वतःच्या तोंडात घातलं. सगळ्या बायकांदेखत चाटून पुसून साफ केलं. हेमलता रडायला लागली. "बाबा, काय टाकलंय तुम्ही?" मग ते तिथंच चिखलात बसले आणि सगळं सांगितलं. गाडी, घमेलं, फरशी, तो आवाज, सगळं. ओठांवर काळं तसंच. सुवासिनी ओटी घेऊन उभ्याच. भागूआत्यांनी फक्त पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

बाळाला त्या दिवशी पाणी लावलं नाही. रीत राहून गेली, ती राहूनच गेली. पद्माकररावांनी विहीर उपसून घेतली, तळातला काळा गाळ काढला, काठावर उभं राहून जुने फिल्टर एकेक वर काढताना बघितले. आता ते जुनं तेल कॅनमध्ये भरतात आणि गाडीत, स्वतःच्या शेजारच्या सीटवर ठेवून तालुक्याला पोचवतात. सीटला डाग पडलाय मोठा. पुसत नाहीत. पण विहिरीच्या पाण्यावर अजून रंगीत तवंग येतो. नात आता बोलती झालीय, आणि ती आजोळी आली की नळाचं पाणी पीत नाही. का, म्हणून विचारलं तर विहिरीकडं बोट दाखवते आणि म्हणते, आधी त्या बाईला.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, आमच्याकडं गाडी नाही, विहीर नाही, आम्ही सुटलो. सुटलात? त्यानं गाडीला दोन-दोन फिल्टर बदलले, तुम्ही स्वतःतलं काळं कुठं ओतता? सुनेच्या कानात? भावाच्या घरात? पोराच्या मनात? आणि वर फरशी ठेवून इथं येऊन बसता, पहिल्या रांगेत! तुम्ही ओतता, पण पितं कोण, ते कधी वाकून बघितलंय?

घरी गेल्यावर पाण्याचा तांब्या तोंडाला लावाल, तेव्हा जरा थांबा, वास घ्या. आणि आता देवाचं नाव घ्या. टाळ नको, टाळ्या नकोत. हळू घ्या. खाली कुणीतरी ऐकतंय.